ओल्या फडक्याचा पारा: माठ, कूलर आणि पंखा कधी कामाला येतो, कधी नाही

मे महिन्यातली दुपार घ्या. नागपुरात तापमान ४४ अंश, हवेत आर्द्रता १५ टक्के. मुंबईत तापमान ३४ अंश, आर्द्रता ६८ टक्के. बातमीत झळकणार तो नागपूरचा आकडा. पण दोन्ही ठिकाणी एकेका थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा आणि त्यावर पंखा लावा. नागपूरचा पारा झरझर उतरून २३ अंशांच्या आसपास थांबेल. मुंबईचा २९ वर अडकेल. ओल्या फडक्यासाठी नागपूरची दुपार मुंबईपेक्षा सहा अंशांनी थंड असते.

हे फडकं एवढं महत्त्वाचं का? कारण माठ, कूलर, वाळ्याचा पडदा आणि घामाने भिजलेली आपली त्वचा, ही चारही ओली फडकीच आहेत. पाण्याची वाफ होताना दर ग्रॅमला साधारण २४०० ज्यूल उष्णता लागते आणि पाणी ती जवळ जे असेल त्यातून ओढून घेतं. म्हणजे एक ग्रॅम पाणी उडून गेलं की मागे उरलेलं जवळजवळ ५७० ग्रॅम पाणी एका अंशाने थंड होऊ शकतं. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडतं, दमट असेल तर उडायला जागाच उरत नाही. ओल्या फडक्याचा पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली माठही जात नाही आणि कूलरही जात नाही. हवामानशास्त्रात याला वेट बल्ब तापमान म्हणतात. वेधशाळेच्या आवारात जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर पांढरी झडपांची पेटी दिसते, तिच्यात कोरड्या थर्मामीटरशेजारी हा ओला थर्मामीटरही असतो. घरी तो दोनशे-चारशे रुपयांत तयार होतो.

मोजायचं कसं

सामान असं: एकसारखे दोन थर्मामीटर, शून्य ते पन्नास अंश दाखवणारे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात लाल द्रवाचे काचेचे मिळतात. फिश टँकसाठी वायरच्या टोकाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल मिळतो, तोही चालतो. ताप मोजायचा थर्मामीटर चालणार नाही. तो ३५ च्या खाली दाखवतच नाही आणि चढलेला आकडा धरून ठेवतो. शिवाय जुन्या मऊ मलमलीचा किंवा धुवट सुती धोतराचा तुकडा, दोरा, वाटी, टेबल फॅन आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर.

आधी दोन्ही थर्मामीटर एकाच भांड्यातल्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून आकडे बघा. अर्ध्या-एका अंशाचा फरक निघाला तर घाबरायचं कारण नाही, तो कागदावर लिहून ठेवा आणि पुढे दरवेळी वजा-बेरीज करा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं मोजमाप चुकतं.

कापड साबणाच्या गरम पाण्यात धुऊन भरपूर खळबळा. नव्या कापडात खळ असते आणि खळ असलेलं कापड पाणी शोषत नाही. मग एका थर्मामीटरच्या फुग्यावर कापडाचा एकच थर घट्ट बसवा, वर दोऱ्याने बांधा आणि खालचं दोन-तीन इंचांचं टोक वाटीतल्या पाण्यात सोडा. वाटी फुग्यापासून थोडी खाली आणि बाजूला असू द्या, म्हणजे वाऱ्याला अडथळा होणार नाही. पाणी खोलीच्या तापमानाचं हवं. माठातलं किंवा फ्रिजमधलं घेतलं तर सुरुवातीला पारा खोटा खाली दिसतो.

दोन्ही थर्मामीटर सावलीत, भिंतीपासून वीतभर दूर टांगा आणि हातभर अंतरावरून पंख्याचा जोरदार वारा सोडा. आता ओल्याकडे बघत राहा. कोरड्या हवेत पहिल्या दोन मिनिटांतच तो दहा अंश घसरतो, मग वेग मंदावतो, मग अर्धा-अर्धा अंश आणि शेवटी स्थिर. सलग दोन मिनिटं हलला नाही की वाचा. आधी ओला वाचा, लगेच कोरडा. वाचताना श्वास फुग्यावर जाऊ देऊ नका; श्वासातल्या ओलाव्याने अंशभर फरक पडतो.

चुका ठरलेल्या असतात आणि बहुतेक सगळ्यांचा परिणाम एकच होतो: ओला पारा आहे त्यापेक्षा वर दिसतो. पंखा बंद असला, कापडाचे दोन-तीन थर झाले, मध्येच कापड सुकलं, बोअरच्या पाण्यातले क्षार कापडात बसले, भिंत तापलेली असली, की झालंच. बोअरचं पाणी वापरलं तर आठवड्यात कापड कडक आणि पिवळट होतं. ते फेकून नवं लावायचं.

आकडा हाती आल्यावर

कोरड्यातून ओला वजा करा. हा फरक म्हणजे थंडाव्याची शिल्लक. नागपूरच्या उदाहरणात ती २१ अंश, मुंबईच्या उदाहरणात फक्त ५.

चांगल्या स्थितीतला कूलर या शिलकीचा साधारण ८० टक्के भाग पदरात टाकतो. नागपूर: २१ चे ८० टक्के म्हणजे जवळजवळ १७. ४४ मधून १७ गेले, कूलरच्या तोंडाशी २७ अंशांची हवा. मुंबई: ५ चे ८० टक्के ४. ३४ मधून ४ गेले, ३० अंशांची हवा, तीही जवळजवळ ओलीचिंब. त्या हवेत घाम सुकत नाही, म्हणून कूलर चालू असूनही मुंबईकराला तो बंद करावासा वाटतो. दोष कूलरचा नसतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात कूलर विकत घेण्याआधी हा दहा मिनिटांचा प्रयोग करून बघाच, काही हजार रुपये वाचतील.

ढोबळ ठोकताळा असा धरा: ओला पारा २३ पर्यंत असेल तर माठ आणि कूलर दोन्ही उत्तम. २४ ते २६ ला खिडक्या नीट उघड्या ठेवल्या तर कूलर चालतो. २७ च्या पुढे कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा वापरा.

कूलर: खिडकी बंद केली की संपलं

कूलरच्या सगळ्या तक्रारींत सर्वांत मोठं कारण एकच, बंद खोली. एसी लावतो तशी दारं-खिडक्या लावून कूलर सुरू केला की पहिली दहा मिनिटं छान वाटतं, मग चिकचिक सुरू होते. एसी खोलीतलीच हवा फिरवतो. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत घ्यावी लागते आणि ओली झालेली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर घालवावी लागते. ती बाहेर गेली नाही तर तीच ओली हवा फिरत राहते, ओला पारा आणि कोरडा पारा एकमेकांजवळ येतात आणि शिल्लक शून्य.

म्हणून कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला, पाठ मोकळ्या हवेकडे करून बसवायचा. शक्यतो उन्हाच्या बाजूला नको. समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं. किती उघडं? कूलरच्या पाटीवर ताशी किती घनमीटर हवा फेकतो ते लिहिलेलं असतं. दर १७०० घनमीटरला निदान २ चौरस फूट उघडी जागा धरा. ३४०० चा कूलर असेल तर ४ चौरस फूट, म्हणजे एका साध्या खिडकीची एक फळी पूर्ण. पडताळणीसाठी दार बोटभर किलकिलं करून तिथे टिश्यू पेपर धरा. तो बाहेरच्या दिशेला फडफडला तर हवा बरोबर निघते आहे. दार आपोआप जोरात आपटत असेल तर जागा कमी पडते आहे, अजून उघडा. झोपायच्या खोलीत थंड हवा हवी असेल तर त्याच खोलीची खिडकी उघडा, बाकीच्या बंद ठेवा; हवा उघड्या वाटेने जाते आणि वाटेत जे येईल ते थंड करत जाते.

पाणी किती लागतं, याचाही हिशोब सोपा आहे. १००० घनमीटर हवा १० अंशांनी थंड करायला साधारण साडेचार लिटर पाणी उडतं. विदर्भातल्या कडक दुपारी मोठा कूलर ताशी १० ते २० लिटर सहज पितो. टाकी रिकामी व्हायला लागली म्हणून गळती शोधत बसू नका, तो काम करतो आहे.

आता बर्फाबद्दल. टाकीत बर्फ टाकायची सवय घरोघरी आहे आणि तिच्यात दम नाही. एक किलो बर्फ वितळून २५ अंशांपर्यंत येताना साधारण ४४० किलोज्यूल उष्णता घेतो. एक लिटर पाणी पॅडवरून उडताना २४०० किलोज्यूल घेतं. म्हणजे किलोभर बर्फाचं काम दोनशे मिलिलिटरपेक्षा कमी पाणी उडून करतं, आणि चालू कूलर तेवढं पाणी एक-दोन मिनिटांत उडवतो. तो बर्फ करताना फ्रिजने मागच्या जाळीतून घरातच उष्णता सोडली, ती वेगळी. तेवढ्या कष्टात पॅड धुतलेलं परवडतं.

पॅडकडेच खरं लक्ष द्यायला हवं. वाळा, लाकडाचं गवत किंवा कागदाचं हनीकोंब, काहीही असो, पाणी वरून सगळीकडे सारखं झिरपायला हवं. पंप पाच मिनिटं चालवा, मग प्लग काढून बाहेरून जाळीवर हात फिरवा. जिथे कोरडा, गरम पट्टा लागेल तिथून गरम हवा थेट आत येते आहे. वरच्या पाइपाची भोकं क्षारांनी बुजलेली असतात. टाचणीने मोकळी करा. गवत खाली बसून वर पोकळी झाली असेल तर ते काढून पुन्हा सारखं भरा. ओला पारा आणि कूलरच्या तोंडाची हवा दोन्ही मोजलीत तर पॅडची लायकी थेट आकड्यात कळते: शिलकीच्या ६० टक्क्यांच्या खाली काम गेलं की पॅड बदला.

पाणी उडतं, क्षार मागे राहतात. टाकी नुसती वरून भरत राहिलात तर चार-पाच दिवसांत पाणी खारट होतं आणि पॅडवर पांढरी पापडी धरते. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची. त्याला दुसरंही तितकंच मोठं कारण आहे. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या काठाला अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. त्यामुळे पाणी ओतून दिलं एवढ्याने भागत नाही, टाकीच्या आतल्या कडा काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासायच्या. पावसाळ्याआधी कूलर उचलून ठेवतानाही हे करायचं, पॅड काढून उन्हात वाळवायचे आणि टाकी उपडी ठेवायची.

वास येतो तो पॅड रात्रभर ओले राहिल्याने. बंद करताना आधी पंप बंद करा, पंखा पंधरा मिनिटं तसाच चालू द्या, पॅड सुकतात. सुरू करताना उलट: आधी पंप, पाच मिनिटांनी पंखा.

आणि विजेबद्दल काहीही सवलत घेऊ नका. पत्र्याचा कूलर, ओली जमीन आणि पाण्यात बुडलेला पंप, यात अर्थिंग नसेल तर हात लावणारा माणूस जागेवर जाऊ शकतो, आणि दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतातच. तीन पिनांचाच प्लग, तिसरी पिन खरोखर अर्थिंगला जोडलेली आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री आणि घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच. पाणी भरताना प्लग काढायचा. नुसता स्विच बंद पुरत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधी कधी न्यूट्रलवर असतो. मुलांना कूलरच्या जाळीला अनवाणी हात लावू देऊ नका.

माठ

१० लिटर पाणी १५ अंशांनी थंड करायला जेमतेम पाव लिटर पाणी भिंतीतून झिरपून उडावं लागतं. माठ बाहेरून घामेजलेला दिसतो ते हेच पाणी. बाहेरची उष्णता सतत आत येत असते म्हणून माठातलं पाणी ओल्या पाऱ्यापेक्षा दोन-चार अंश वरच राहतं, पण नागपूर-जळगावकडे तेवढं पुरेसं गार लागतं.

विकत घेताना बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर तडा नाही, बद्द आवाज आला तर ठेवून द्या. मग बाहेरच्या बाजूला पाण्याचा थेंब लावा. चटकन शोषला गेला तर भिंत सच्छिद्र आहे. कुंभार मातीत राख किंवा लीद मिसळतात. भट्टीत लीद जळते आणि तिच्या जागी बारीक भोकं राहतात. रंगवलेला, चकचकीत माठ दिसायला देखणा, पण रंगाने हीच भोकं बुजतात.

नवा माठ २४ तास पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिली दोन-तीन पाणी झाडांना घाला. साबण कधीही लावायचा नाही. भोकांत शिरलेला साबण निघत नाही आणि पाण्याला वास येत राहतो. काथ्या आणि गरम पाणी पुरे.

जागा चुकली की माठ वाया. स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी गॅसची धग असते, वाफ असते आणि वारा नसतो. सावलीतली खिडकी किंवा वाऱ्याचा व्हरांडा निवडा, माठ तिवईवर ठेवा म्हणजे बुडालाही हवा लागेल, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. खालच्या ताटलीत झिरपलेलं पाणी रोज फेका.

जुन्या माठाच्या पोटावर पांढरा खरखरीत थर येतो, नखाने खरवडला तर पिठासारखा सुटतो. ते पाण्यातले क्षार आहेत. बाहेरून पातळ व्हिनेगर लावून काथ्याने घासलं आणि दिवसभर साध्या पाण्यात भिजवलं तर थोडं सुधारतं. पण एक-दोन उन्हाळ्यांनंतर आतली भोकंही भरलेली असतात. बाहेरून कोरडा राहणारा माठ बदलावा.

पंखा आणि अंग

पंखा हवा थंड करत नाही. रिकाम्या खोलीत चालू ठेवलेला पंखा मोटरच्या उष्णतेने खोली किंचित तापवतोच. तो घाम उडवायला मदत करतो. बसल्या बसल्याही शरीरात साधारण १०० वॉट उष्णता तयार होते. तासाला एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे ६७० वॉट बाहेर जातात, पण टपकलेल्या घामाने थंडावा मिळत नाही. दमट हवेत घाम धारांनी वाहतो आणि अंग तापतच राहतं, ते यामुळे.

त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्यापेक्षा गरम असली की पंखा घाम उडवतो आणि त्याच वेळी उष्णताही अंगावर आणून टाकतो. जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या पुढे पंख्यावर विसंबू नका असं सांगते. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, त्यांच्यासाठी तर हे जास्तच खरं. उपाय सोपा आहे, घामाचं काम बाहेरच्या पाण्याला द्या: हात, मान, पाय ओल्या पंचाने पुसा, गंजीफ्रॉक ओला करून घाला आणि मग पंख्याखाली बसवा. कापड सुकत आलं की पुन्हा ओलं.

सहनशक्तीच्या मर्यादेबद्दल बातम्यांत ३५ अंश वेट बल्बचा आकडा येतो. तो शेरवुड आणि ह्यूबर या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेली सैद्धांतिक सीमा आहे: त्यापुढे घाम उडून उष्णता बाहेर जाऊच शकत नाही. नंतर पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत निरोगी तरुणांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत हलक्या हालचालीतही ३० ते ३१ वरच शरीराचं तापमान आवरेनासं होऊ लागलं, आणि कोरड्या तीव्र उष्णतेत त्याहूनही कमी आकड्यावर. म्हणून घरचा ओला पारा २८ दाखवत असेल तर बांधकाम, शेतातलं काम, मुलांचे सामने पहाटेवर किंवा संध्याकाळवर न्या. आणि विदर्भात ओला पारा २३ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे घाम दिसण्याआधीच उडतो आणि पाणी किती गेलं ते कळत नाही. तहानेची वाट न बघता प्यायचं.

हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना कोरडा पारा बघतं: मैदानी भागात किमान ४० आणि किनाऱ्यावर ३७ अंश, शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त, किंवा थेट ४५. त्यामुळे लाट जाहीर नसतानाही दुपार जीवघेणी असू शकते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली, तेव्हा तिथला पारा चाळिशीच्या आत होता. वर ऊन, हवेत दमटपणा, गर्दीत वारा नाही. कोकणासाठी हवामान खातं ‘उष्ण व दमट’ असा वेगळा इशारा देतं, तो लाटेच्या इशाऱ्याइतकाच गंभीरपणे घ्या.

थकवा, पेटके, चक्कर इथपर्यंत सावली, पाणी आणि मीठ-साखरेचं पाणी पुरतं: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेनासा झाला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजायचा, घाम येत असला तरी. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट न बघता थंड करायला लागा. सावलीत आडवं करून कपडे सैल करा, सगळं अंग भिजवा, पंखा नाहीतर पुठ्ठ्याने जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. दमट हवेत नुसत्या वाऱ्याने भागणार नाही, तिथे गार पाणी बादलीने ओतत राहायचं. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.